वाट मोडली नाही : रोमचा अस्त आणि उत्तर कोकणाचे पहिले मध्ययुग

प्रस्तावना

इ.स. ४७६ मध्ये ओडोअकर नावाच्या सेनानीने रोम्युलस ऑगस्ट्युलस या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवले आणि पश्चिमेचे रोमन साम्राज्य संपले, हे वाक्य स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलाला पाठ असते. त्याच पिढीत आपल्या पालघर जिल्ह्याच्या उंबरठ्यावर काय चालले होते, हे मात्र पालघरच्याच मुलांना कोणी सांगत नाही. व्हँडल टोळ्यांनी रोम शहर लुटले ते ४५५ साली. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत त्रैकूटक घराण्यातल्या दह्रसेन राजाने तांब्याच्या पत्र्यावर एक दानपत्र कोरून दिले. ते वलसाडजवळ पारडीला सापडले. आपण अश्वमेध केला आहे, असे हा राजा त्यात सांगतो. त्याचा मुलगा व्याघ्रसेन याचाही ४९० च्या सुमाराचा ताम्रपट हाती आहे. तिकडे सम्राटांची यादी संपत आली होती आणि इकडे एक राज्य आपल्या नावाची नाणी पाडत, जमिनी देत, यज्ञ करत उभे होते.

या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात, यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. त्यासाठी उभे राहायची जागा मी जव्हार-मोखाड्याची निवडली, आणि त्यामागे कारण आहे. नकाशा पुढ्यात घ्या. मोखाड्याच्या पूर्वेला घाट चढला की त्र्यंबक आणि अंजनेरी लागतात, पुढे नाशिक, म्हणजे लेण्यांतल्या लेखांमधले गोवर्धन. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावलेली वैतरणा मोखाड्याच्या अंगाने खाली उतरते. पिंजाळ आणि सूर्या याच डोंगरांचे पाणी घेऊन तिला मिळतात. वैतरणा समुद्राला जिथे भेटते, त्याच्या दक्षिणेला सोपारा, जुने शूर्पारक. एका हाताला बंदर आणि दुसऱ्या हाताला घाटमाथ्याची बाजारपेठ, अशी ही जागा आहे. दोन्ही टोकांना दगडावर आणि तांब्यावर लिहिलेला पुरावा आहे. मधल्या डोंगराने काही लिहून ठेवले नाही, पण दोन्ही टोके त्याच्याच अंगाखांद्यावरून जोडली गेली.

या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते. साम्राज्याची पडझड मोजायची असेल तर सम्राट कधी गेला एवढे पाहून भागत नाही. वाट चालू राहिली का, नदीवर नाव मिळत राहिली का, परक्या माणसाला उतरायला जागा उरली का, हे पाहावे लागते. या कसोटीवर उत्तर कोकणाचा इतिहास तिसऱ्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत तपासला तर जे चित्र दिसते ते शाळेतल्या चित्रापेक्षा फार वेगळे आहे.

बंदराचे दिवस

इ.स. पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर यांच्या किनाऱ्यांची एक मार्गदर्शिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात भडोच, सोपारा, कल्याण आणि चौल ही आपली बंदरे आहेत. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर त्याच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर, असे तो लिहितो. पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांनी भडोचला येते, याचीही त्याने नोंद केली आहे. येणाऱ्या मालात तांबे, कथील, शिसे, पोवळी आणि दारू होती. दारू इटलीची असली तर अधिक पसंत, हेही त्याने नमूद केले आहे. त्या दारूच्या दोन कानांच्या उंच मातीच्या कुंभांचे तुकडे नेवाशाला आणि घारापुरीला मिळाले आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडात १९४४-४५ च्या सुमाराला ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली. उलट दिशेने गेलेला मालही सापडतो. १९३८ मध्ये पाँपेई शहराच्या राखेखालून एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली, आणि तिच्या जातीची मूर्ती आपल्या तेरच्या संग्रहात आहे.

इजिप्तहून जुलैत निघालेली जहाजे नैर्ऋत्य वाऱ्यावर यायची आणि दर्या शांत होऊ लागला की, म्हणजे आपल्याकडे नारळी पौर्णिमा उलटून गेल्यावर, किनाऱ्याला लागायची. परतीचा वारा हिवाळ्यात. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात एका भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी जशीच्या तशी मिळाली. जुन्या जहाजांचे सागवान काढून तिथल्या लोकांनी घरांत वापरलेले दिसते. साग तिथे उगवत नाही, तो आपल्या पश्चिम किनाऱ्याचा. भडोचहून इराणच्या आखाताकडे सागाच्या तुळया आणि शिसवाचे ओंडके जात, असे ‘पेरिप्लस’कारही सांगतो. बंदराच्या वैभवाची कथा वाचताना त्याच्या मागे असलेले रान लक्षात ठेवले पाहिजे. तुळई धक्क्यावर पोचते तेव्हा ती कोणीतरी डोंगरात तोडलेली, ओढलेली, नदीत सोडलेली असते. त्या माणसाचे नाव कुठल्याच व्यापाऱ्याने लिहून ठेवलेले नाही.

रोमला हा व्यापार महाग पडत होता. पन्नास दशलक्ष सेस्टर्स दरवर्षी हिंदुस्थानात जातात, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने केली आहे. आणि राजकारणाने वाट अडवणे तेव्हाही घडत होते. थोरल्या सरगानस राजाच्या काळात कल्याण ही राजमान्य बाजारपेठ होती. पुढे सँडनेसच्या हाती ती गेल्यावर तिथे लागलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाण्याचा धोका असतो, असा इशारा ‘पेरिप्लस’मध्ये आहे. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातल्या चढाओढीची ही एका खलाशाने पाहिलेली बाजू.

या काळातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा मात्र नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या दानांची यादी तिथे कोरवली आहे. हा मनुष्य शक होता, म्हणजे बाहेरून आलेल्या घराण्यातला. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा, विहिरी आणि बागा केल्या. त्याही पुढे जाऊन त्याने सहा नद्यांवर पैसे न घेता पार करणाऱ्या नावा ठेवल्या. त्या सहांमध्ये दमणा आहे, पारदा आहे, तापी आहे आणि दाहनुकाही आहे. दमणा म्हणजे दमणगंगा, पारदा म्हणजे पारडीजवळची पार, दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसायला मंडप आणि पाणपोया त्याने बांधल्या. जव्हारच्या एस.टी. स्टँडवरून ज्या गावाची गाडी रोज सुटते, त्या डहाणूच्या नदीवर दुसऱ्या शतकात फुकट नाव होती, हे मुलांना सांगून पाहावे. इतिहास कुठेतरी दूर घडतो ही त्यांची समजूत तिथेच गळून पडते.

पडझड : काय पडले, काय उरले

रोमची पडझड एका दिवसात झाली नाही. १६५ नंतर साम्राज्यात साथीने हाहाकार उडवला. २२४ मध्ये इराणात सासानी घराणे उभे राहिले आणि पूर्वेच्या सीमेवर कायमचा बलाढ्य शत्रू आला. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत सैन्याने सम्राट नेमले आणि मारले. सैन्याचा पगार भागवण्यासाठी चांदीच्या नाण्यातली चांदी कमी करत नेली, इतकी की २७० च्या सुमाराला ती शेकडा पाचाच्याही खाली आली. ३३० मध्ये राजधानी कॉन्स्टँटिनोपलला गेली. ३७६ मध्ये हूणांच्या रेट्यापुढे हटलेल्या गॉथ लोकांनी डॅन्यूब ओलांडली आणि दोनच वर्षांत एड्रियानोपलच्या लढाईत खुद्द सम्राट मारला गेला. ४०८ मध्ये अलारिकने रोमला वेढा घातला तेव्हा वेढा उठवण्याच्या खंडणीत सोने, चांदी आणि रेशीम यांच्याबरोबर तीन हजार पौंड मिरी मागितली गेली. मलबारची मिरी तेव्हाही रोमच्या कोठारात होती आणि वेशीवरच्या गॉथ सरदारालाही तिची किंमत माहीत होती, एवढे यावरून नक्की कळते. दोन वर्षांनी त्याने शहर लुटलेच. पूर्वेचे साम्राज्य मात्र आणखी हजार वर्षे, १४५३ पर्यंत टिकले.

आपल्याकडे काय झाले? तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात सातवाहन सत्ता विस्कटली. नाशिकच्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाचा लेख येतो. २४८-४९ पासून मोजला जाणारा, पुढे कलचुरी-चेदी म्हणून ओळखला गेलेला शक याच पट्ट्यात रुजला आणि शतकानुशतके चालला. तेर, भोकरदन, नेवासे या देशावरच्या भरलेल्या शहरांना उतरती कळा लागली, हे उत्खननांतून दिसते. ते नाकारण्यात काही अर्थ नाही. दूरच्या गिऱ्हाइकावर जगणारा कारागीर गिऱ्हाईक गेले की उघडा पडतो. पडझडीची झळ आधी त्यालाच लागली असणार.

नाण्यांवर हा बदल डोळ्यांनी पाहता येतो. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारला आहे. नहपानाच्या नाण्यावर राजाच्या चेहऱ्याभोवती ग्रीक लिपीत त्याचे नाव वाचता येते. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ती अक्षरे वाकडीतिकडी होत जातात आणि शेवटी नुसत्या रेघा-ठिपक्यांची किनार उरते. ठसा कोरणाऱ्याला ती लिपी येत नव्हती, तरी ती वेलबुट्टी असावी लागे, कारण लोकांना तसल्या नाण्याची सवय होती. त्रैकूटकांनी आपली चांदीची नाणी याच वळणावर पाडली. परक्या जगाची छाप अशी झिजत झिजत आपली होऊन बसते.

या काळाचे नाव काय ठेवावे, यावर अभ्यासकांचा वाद जुना आहे. इंग्रज इतिहासकार गिबन याच्या रोमवरच्या ग्रंथाचा पहिला खंड १७७६ मध्ये आला आणि ‘ऱ्हास आणि पतन’ ही भाषा रूढ झाली. बेल्जियन इतिहासकार आंरी पिरेन याने रोमचे जग गॉथांनी मोडले नाही, भूमध्य समुद्रातला व्यापार अरब विस्ताराने तुटला तेव्हा ते मोडले, असे मांडले. पीटर ब्राउन यांनी १९७१ मध्ये या शतकांना ऱ्हासाऐवजी स्थित्यंतर म्हणून पाहायला शिकवले. उलट २००५ मध्ये ब्रायन वॉर्ड-पर्किन्स यांनी मातीची भांडी, घरावरची कौले आणि गुरांची हाडे पुढे ठेवून दाखवले की सामान्य माणसाचे राहणीमान खरोखर घसरले होते. आपल्याकडे रामशरण शर्मा यांनी रोमचा व्यापार थांबणे, शहरे ओस पडणे, नाणी कमी होणे आणि जमिनीची दाने वाढणे यांची एक साखळी जोडली आणि तिला भारतीय सरंजामशाहीचे मूळ मानले. ब्रजदुलाल चट्टोपाध्याय आणि रणबीर चक्रवर्ती यांनी ही साखळी सगळीकडे लागू पडत नाही हे दाखवले. माझे मत असे की देश आणि कोकण यांना एकाच मापाने मोजू नये. तेर ओस पडले त्या काळातही कल्याण जागे होते.

कल्याणचा बिशप, घारापुरीचा शिव

सहाव्या शतकाच्या मध्याला कॉस्मस नावाच्या, पूर्वी व्यापारी असलेल्या अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती भिक्षूने एक ग्रंथ लिहिला. पश्चिमेचे रोमन साम्राज्य संपून तेव्हा पाऊण शतक झाले होते. हिंदुस्थानातल्या मोठ्या बंदरांत तो कल्याणचे नाव घेतो. तिथून पितळ-तांबे, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जाते, आणि तिथे इराणातून नेमलेला एक बिशप आहे, असे तो सांगतो. या एका नोंदीत सगळा बदल मावतो. बंदर तेच, मागचे रान तेच, माल जवळजवळ तोच. मात्र दर्यावरचा कारभारी आता रोम राहिलेला नाही. त्याची जागा इराणने घेतली आहे.

त्याच सुमाराला कलचुरी राजा कृष्णराजाची चांदीची नाणी या भागात चालू होती. ती नाशिककडे सापडतात आणि मुंबई-साष्टीतही सापडतात. घारापुरीचे लेणे सहाव्या शतकातले, आणि तेही कलचुरींच्याच काळातले असे अनेक अभ्यासक मानतात. कॉन्स्टँटिनोपलला सम्राट जस्टिनियनने हागिया सोफियाचा घुमट पुरा केला तो ५३७ मध्ये. म्हणजे तिकडे तो घुमट उभा राहिला त्याच शतकात इकडे समुद्रातल्या एका बेटावर कातळातून सदाशिवाची त्रिमुखी मूर्ती बाहेर येत होती. हे शतक अंधाराचे म्हणणाऱ्याने एकदा घारापुरीच्या पायऱ्या चढून यावे.

अंजनेरीचे पाटण

या पुस्तकातले जे प्रकरण मला सर्वांत जवळचे आहे, ते अंजनेरीच्या ताम्रपटांचे. मोखाड्याहून त्र्यंबकचा घाट चढले की अंजनेरीचा डोंगर समोर येतो. तिथे सापडलेले ताम्रपट वा. वि. मिराशी यांनी वाचून प्रसिद्ध केले. कलचुरी-चेदी शकाच्या लेखांचा त्यांचा १९५५ चा संग्रह आजही या विषयाचा पाया आहे. हे ताम्रपट ७१० च्या सुमाराचे, भोगशक्ती नावाच्या राजाचे. तो बदामीच्या चालुक्यांचा मांडलिक होता आणि त्याच्या घराण्याकडे कोकणाचा कारभार होता.

ताम्रपटात मजकूर असा आहे. समगिरीपट्टण नावाचे गाव पूर्वी उजाड झाले होते. भोगशक्तीने ते पुन्हा वसवले आणि तिथे राहायला येणाऱ्या व्यापाऱ्यांना काही सवलती लिहून दिल्या. राज्यभर त्यांच्या मालावर जकात नाही. एखाद्या व्यापाऱ्याला मुलगा नसला तरी त्याची मालमत्ता सरकारजमा होणार नाही. सरकारी माणसांच्या मुक्कामाचा आणि शिध्याचा बोजा त्यांच्यावर नाही. अपराध घडला तर दंड किती घ्यायचा तेही ठरलेले, आणि निवाडा गावातल्या जाणत्या मंडळींनी बसून करायचा. याच ताम्रपटांत रक्कम सांगताना ‘कृष्णराज रूपक’ हे नाणे येते. कृष्णराजाला जाऊन दीडशे वर्षे होत आली होती. त्याचे घराणे मोडले होते, पण त्याच्या नाण्यावरचा बाजाराचा विश्वास मोडला नव्हता.

उजाड गाव पुन्हा कसे वसते, याचे इतके नेमके टिपण फार कमी ठिकाणी मिळते. तटबंदी किंवा सैन्य यांचा त्यात प्रश्नच नाही. जकात माफ करा, वारशाची हमी द्या, अधिकाऱ्यांचा जाच थांबवा आणि निवाडा गावावर सोपवा, म्हणजे माणसे येतात. आठव्या शतकातल्या एका मांडलिकाला हे कळत होते. त्याच सुमाराला, ७११ मध्ये, अरब फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि पाठोपाठ सिंधही त्यांच्या ताब्यात गेले. जगाचा नकाशा असा उलटापालटा होत असताना मोखाड्याच्या डोक्यावरच्या डोंगरात एक बाजारपेठ पुन्हा उभी राहत होती.

संजाणचा मधुमती

सोपाऱ्याचे काय झाले, याचे उत्तर एका पेटीत आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा टेकाडवजा स्तूप खोदला. आत विटांच्या कोनाड्यात दगडी पेटी होती. पेटीत मधोमध तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले असावेत, असे भगवानलालांनी मानले. सोबत सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. आणि तांब्याच्या करंडकाभोवती कडे करून बसलेल्या आठ कांस्यमूर्ती होत्या : सात बुद्ध आणि आठवा, पुढे येणारा मैत्रेय. नाणे दुसऱ्या शतकातले, मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकाच्या घडणीच्या मानल्या जातात. म्हणजे सातवाहनांना जाऊन पाच-सहाशे वर्षे झाल्यावर कोणीतरी ही पेटी श्रद्धेने उघडली, आठ मूर्ती मांडल्या आणि पुन्हा बंद केली. तोवर सोपाऱ्याला उपासक होते, ओतारी होते आणि या कामाला लागणारा पैसाही होता. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे हा ठेवा आहे. शक्य होईल त्याने तो पाहावा.

दर्या मात्र आता अरबांचा आणि इराण्यांचा झाला होता. खलिफा उमरच्या काळात ठाण्यावर एक आरमारी स्वारी होऊन गेली होती, पण पुढची शतके लुटीची नव्हती, देवघेवीची होती. सासानी राज्य बुडाल्यावर धर्म राखण्यासाठी निघालेले पारशी संजाणला उतरले. त्यांची ही कथा १५९९ मध्ये ‘किस्सा-ए-संजाण’ या फारसी काव्यात लिहिली गेली. कान्हेरीच्या लेण्यांत १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. अरब प्रवासी अल्-मसूदी ९१६ च्या सुमाराला चौलला आला तेव्हा तिथे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले.

आणि मग चिंचणी. डहाणू तालुक्यातल्या या गावी १९५५ मध्ये ताम्रपटांचा संच सापडला. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या इंद्राच्या काळातला. त्यात संजाण मंडलाचा सुभेदार आहे मधुमती. मधुमती हे मुहम्मदचे संस्कृत रूप, आणि तो ताजिक, म्हणजे अरब. आधीच्या राष्ट्रकूट सम्राट कृष्णराजाने त्याला हा सुभा दिला होता. किनाऱ्यावरच्या बंदरांचे ठाणेदार त्याने काबूत आणले. त्याने दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेवल्या आणि एक अन्नछत्र घातले. तिथे भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. भगवतीच्या देवळाशी जोडलेल्या एका मठिकेसाठी दिलेल्या जमिनीचे हे दानपत्र आहे आणि ते त्याच्या कारभारात, सम्राटाच्या संमतीने झाले आहे.

आता उषवदाताकडे मागे वळून पाहा. एक शक, एक अरब. एक दुसऱ्या शतकातला, एक दहाव्या शतकातला. एकाच्या काळात समुद्रापलीकडे रोम होते, दुसऱ्याच्या काळात बगदाद. मध्ये आठशे वर्षे गेली, अर्धा डझन घराणी आली आणि गेली. आणि दोघांनीही डहाणूच्या परिसरात तेच केले : नदीवर नाव ठेवली आणि वाटसरूची सोय केली. या किनाऱ्यावर राज्य करायचे तर वाट राखावी लागते, हे येणाऱ्या प्रत्येकाला या भूमीने शिकवले. उत्तर कोकणाचे पहिले मध्ययुग मला यातच दिसते.

कातड्याची गोष्ट

दहाव्या शतकानंतर शिलाहार, मग यादव, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीच्या फौजा. या उलथापालथीतून जव्हारचे मुकणे संस्थान जन्माला आले. त्याची कथा एकोणिसाव्या शतकात कॅप्टन मॅकिंटॉश याने कोळी मंडळींकडून ऐकून टिपली आणि पुढे ठाणे गॅझेटियरमध्ये ती आली. थळघाटाजवळ मुकण्याला जयबाची मातीची गढी होती. पिंपरीच्या देवस्थानी पाच गोसाव्यांनी त्याला जव्हारचा राजा म्हणून आशीर्वाद दिला. तो सुरतेला गेला, काठेवाडात सात वर्षे राहिला आणि परत आल्यावर जव्हारच्या वारली सरदाराकडे त्याने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. सरदार हो म्हणाला. मग कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, त्या पसरल्या आणि वारल्याची गढीच त्यांच्या वेढ्यात आली. सरदाराला गंभीरगड आणि भोवतालचा मुलूख देण्यात आला. जयबाचा मुलगा नेमशहा याला दिल्लीहून राजा ही पदवी मिळाली. ५ जून १३४३ या दिवसापासून जव्हार संस्थानाने आपला शक मोजला, तो संस्थान १९४८ मध्ये विलीन होण्याच्या काळापर्यंत ओळखीचा होता.

हीच युक्ती भूमध्य समुद्राच्या आफ्रिकी किनाऱ्यावर राणी डिडोच्या नावाने सांगतात. तिनेही बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागून त्याच्या वाद्यांनी टेकडी वेढली आणि कार्थेज वसवले. रोमचे सर्वांत गाजलेले वैर या कार्थेजशी, आणि ४३९ मध्ये व्हँडलांनी तेच कार्थेज घेतले तेव्हा रोमचा धान्यपुरवठा त्यांच्या मुठीत गेला. अशा गोष्टी खलाशांच्या तोंडून बंदरातून बंदरात जातात. जव्हारच्या कथेतला नायकही सुरत आणि काठेवाडच्या बंदरांकडे राहूनच परततो. पण मला या कथेत अधिक बोचते ते वेगळे. वाद्या कापणाऱ्याचे नाव टिकले, शब्द पाळणाऱ्या वारली सरदाराचे नाव कथेने ठेवले नाही. राज्य मिळवणाऱ्याची कथा होते. ज्याची जमीन गेली तो फक्त ‘वारली सरदार’ राहतो. रोमच्या सीमेवरच्या अनेक टोळ्यांचेही असेच झाले. त्यांच्याबद्दल आपण जे वाचतो ते त्यांच्या शत्रूंनी लिहिलेले आहे.

म्हणून या पुस्तकात शेवटचा भाग लेख नसलेल्या माणसांसाठी राखला आहे. वारली, कोळी मल्हार, कोकणा, ठाकूर, कातकरी यांच्या वस्त्या कोणत्या वाटांवर आहेत, पाड्यांवरची देवस्थाने कोणत्या खिंडींच्या तोंडाशी आहेत, मोखाड्याच्या बोहाड्यात कोणत्या देवांची सोंगे येतात, याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहायला हवे. दामोदर कोसंबी यांनी पश्चिम घाटातल्या जुन्या वाटा, लेणी आणि गावदेव्या एकत्र पाहिल्या, तेव्हा लेखांत न सापडणारी माहिती त्यांच्या हाती आली. ती दृष्टी जव्हार-मोखाड्याला लावायचे काम अजून पुढे आहे, आणि ते इथल्या मुलांनी करावे, अशी माझी इच्छा आहे.

वाचकाने प्रकरणे क्रमानेच वाचावीत असे नाही. पण नकाशा सोबत असू द्यावा, आणि प्रत्येक प्रकरणात रोमचे साल आणि आपल्याकडचे साल शेजारी मांडून पाहावे. शिक्षकांनी शक्य झाल्यास मुलांना पांडवलेण्याला नेऊन उषवदाताचा लेख दाखवावा आणि त्यातले डहाणूचे नाव त्यांना दाखवून द्यावे. आणि गावकऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. शेत नांगरताना, विहीर किंवा घराचा पाया खणताना तांब्याचा पत्रा, जुने नाणे, कोरीव दगड, वीरगळ निघाला तर तो भंगारात देऊ नका, शेंदूर फासून त्याची अक्षरे बुजवू नका, आणि गुप्तधनाच्या भीतीने लपवूही नका. तहसील कचेरीत किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. चिंचणीचे पत्रे वितळवले गेले असते तर मधुमती आज आपल्याला माहीत नसता आणि या किनाऱ्यावरच्या एका अरब सुभेदाराचे अन्नछत्र जगाच्या आठवणीतून पुसले गेले असते. असा एखादा पत्रा तुमच्याही शेतात असू शकतो. तो जपलात तर या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीतले प्रकरण तुमच्या गावाचे असेल.